तपकिरी शेपटीची ‘टिकेल’ नसते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आंबोलीच्या रानात टिपलेले एका लहानशा पक्ष्याचे छायाचित्र अर्धे पान व्यापून छापले आहे आणि त्याखाली ‘टिकेलच्या निळ्या माशीमाराची मादी, मे महिन्याचा शेवटचा आठवडा’ अशी ओळ दिली आहे. छायाचित्र उत्तम आहे. सदाहरित रानातल्या त्या अंधारात इतके स्वच्छ चित्र मिळवण्यासाठी छायाचित्रकाराने किती वेळ मच्छर आणि जळवा सोसल्या असतील याची मला कल्पना आहे. ओळ मात्र चुकली आहे. तो पक्षी टिकेलची मादी नाही. पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमाराची मादी आहे. एका पक्ष्याच्या नावासाठी संपादकांना पत्र लिहिणे कित्येकांना अतिरेकी वाटेल, पण हे दोन पक्षी रानाविषयी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि एकाच्या जागी दुसऱ्याचे नाव पडले की रानाविषयीची साक्षच बदलते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी छायाचित्रात काय दिसते ते पाहू. पक्षी एका सुकलेल्या वेलीवर, जमिनीपासून फार तर गुडघ्याएवढ्या उंचीवर बसलेला आहे, कारण मागे पालापाचोळा दिसतो आणि कारवीच्या काड्यांचे बुंधेही दिसतात. पाठ गडद, किंचित शेवाळी झाक असलेली तपकिरी आहे. डोक्यावर राखाडी छटा आहे. चोचीचे मूळ आणि डोळा यांच्यामधला लहानसा पट्टा फिकट, जवळजवळ पांढुरका आहे. गळा आणि छाती पिकल्या संत्र्याच्या रंगाची, पोट पांढरे आणि शेपटी स्पष्टपणे तांबूस तपकिरी, विटेच्या भुकटीसारखी. संपूर्ण अंगावर निळ्याचा मागमूस नाही. चोचीत एक हिरवा किडा आहे. त्याविषयी शेवटी लिहीन.

आता टिकेलची मादी पाहा. नरापेक्षा ती फिकी असते एवढेच. रंगांची मांडणी नराचीच. पाठ, खांदे, भिवयांचा भाग आणि शेपटी या सगळ्यांवर मळकट का होईना पण निळा किंवा निळसर राखाडी रंग असतो आणि गळा व छाती फिकट नारिंगी असते. धुवून धुवून विटलेल्या निळ्या लुगड्याचा जो रंग होतो, तो तिचा. तिच्या शेपटीत तांबडा रंग कुठेही नसतो. पांढऱ्या पोटाच्या माशीमारात गंमत अशी, की नर आणि मादी एकाच जातीचे आहेत हे सांगूनही नवख्या माणसाला पटत नाही. नर नखशिखांत गडद नीळवर्णी, कपाळावर आणि भुवईवर जरा उजळ निळा, डोळ्यापुढे काळा, छातीपर्यंत तोच निळा रंग उतरलेला आणि खाली तो करडा होत होत पांढऱ्या पोटात विरलेला. त्याच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकाही नाही. याउलट मादीवर निळ्याचा ठिपकाही नाही. म्हणजे टिकेलच्या जोडीत निळा आणि नारिंगी हे दोन्ही रंग दोघांनी वाटून घेतले आहेत, तर दुसऱ्या जोडीत एक रंग नराने नेला आणि दुसरा मादीने. एवढे ध्यानात ठेवले तरी दोघांच्या नरांत गफलत होण्याचे कारण उरत नाही. घोळ होतो तो मादीच्या बाबतीत, कारण दोघींची छाती नारिंगी आणि पोट पांढरे असते, आणि रानातल्या अंधुक उजेडात आपले लक्ष पहिल्यांदा त्या नारिंगी छातीकडेच जाते.

आंबोलीला भेटलेल्या एका हौशी मित्राने मला एकदा विचारले होते, की उजेड कमी असेल तर निळा रंग तपकिरी दिसू शकत नाही का? प्रश्न रास्त आहे आणि या छायाचित्राबाबतही कोणी तो उपस्थित करील. पक्ष्यांच्या पिसांत निळ्या रंगाचे द्रव्य नसते. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून विखुरतो आणि आपल्याला निळा रंग दिसतो. म्हणूनच मोराचे किंवा नीलपंखाचे पीस उलटसुलट धरले तर त्याचे तेज कमीजास्त होते. त्यामुळे दाट सावलीत टिकेलचा नरसुद्धा काळपट दिसतो आणि मादी तर करडी, मातकट दिसते हे खरे आहे. पण तांबूस तपकिरी रंगाचे तसे नाही. तो पिसातल्या रंगद्रव्यामुळे येतो आणि सावलीत तो मंदावेल, पण निळ्या पिसावर सावली पडली म्हणून तिथे विटकरी रंग उगवणार नाही. कॅमेऱ्याने रंगांचा तोल थोडा पिवळ्याकडे झुकवला असे गृहीत धरले तरी तो पोटाच्या पांढऱ्या पिसांवरही दिसला असता. छापलेल्या चित्रात पोट स्वच्छ पांढरे आहे. शेपटीचा तांबूसपणा तेव्हा खरा आहे आणि तो एकटाच टिकेलला बाद करण्यास पुरेसा आहे.

न्यायाने पाहायचे तर तिसऱ्या उमेदवाराचाही विचार केला पाहिजे. निळ्या गळ्याच्या माशीमाराची मादी तपकिरी पाठीची, तांबूस शेपटीची असते आणि खरा गोंधळ व्हायचा तर तिच्याशी व्हावा. जाणत्यांचीही इथे कधीकधी फसगत होते. तिचा गळा मात्र फिकट, सायीच्या रंगाकडे झुकणारा असतो आणि छातीवरचा नारिंगी रंग इतका गडद नसतो. डोक्यावरचा राखाडीपणा आणि डोळ्यापुढचा पांढुरका पट्टाही तिच्यात असा उठून दिसत नाही. याहून निर्णायक गोष्ट तुम्हीच छापली आहे, ती म्हणजे महिना. निळ्या गळ्याचा माशीमार आपल्याकडे हिवाळी पाहुणा आहे. पावसाळा सरल्यावर तो सह्याद्रीत उतरतो आणि उन्हाळा तापू लागला की वीण करण्यासाठी हिमालयाकडे निघून जातो. मे महिन्याच्या अखेरीस आंबोलीत घरट्यासाठी किडे वेचणारी मादी ती असणे संभवत नाही. उरते ती एकच, बारा महिने इथेच राहणारी.

या गोंधळात नावाचाही हात आहे असे माझे मत आहे. ‘पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार’ हे इंग्रजी नावाचे शब्दशः मराठीकरण आहे आणि ते ओळख पटवण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण टिकेलचेही पोट पांढरेच असते, निळ्या गळ्याच्या माशीमाराचेही पांढरेच असते. त्यात मादी निळी नाही. म्हणजे मादीच्या बाबतीत नावातला ‘निळा’ खोटा आणि ‘पांढऱ्या पोटाचा’ हा शब्द खरा असून कुचकामी. शास्त्रीय नाव देणाऱ्या जेर्डनने पोटाकडे पाहिलेच नाही. त्याने 1840 मध्ये या पक्ष्याला ‘पॅलिडिपेस’ म्हटले, म्हणजे फिकट पायांचा. टिकेलचे बारसे त्यानंतर तीन वर्षांनी, 1843 मध्ये, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या ब्लाइथने केले. जेर्डन मद्रासच्या फौजेतला डॉक्टर, टिकेल बंगालच्या फौजेतला अधिकारी आणि दोघेही 1811 सालचे. दोघांच्या पक्ष्यांना एकच कुळ, एकच प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा एकच गट) लाभली. आपल्या भागात मालवणीत या दोन पक्ष्यांना वेगवेगळी नावे असल्याचे मी कधी ऐकलेले नाही. पक्षीनिरीक्षक आपसात नुसते ‘टिकेल’ म्हणतात आणि दुसऱ्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखतात. कुणा रसिकाने त्याच्या राहणीवरून, सावलीवरून एखादे मराठी नाव सुचवले तर मी ते आनंदाने वापरीन.

‘माशीमार’ या शब्दाविषयीही एक गोष्ट ओघात सांगतो. हवेत झेपावून किडे पकडणाऱ्या सगळ्याच पक्ष्यांना आपण माशीमार म्हणत आलो, पण ते सगळे एका कुळाचे नाहीत. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक हा इंग्रजीत माशीमार म्हणवला जात असला तरी तो निराळ्या कुळातला आहे आणि अमेरिका खंडांतले शेकडो माशीमार तर आपल्या माशीमारांचे फार दूरचे नातेवाईक आहेत. धंदा एक म्हणून रूपही सारखे झाले, इतकेच. उलट आपल्या अंगणात पहाटे शीळ घालणारा दयाळ, रानातला शामा आणि ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर, ज्यांना पूर्वी पुस्तकांतून वेगळे बसवत, ते आता या निळ्या माशीमारांच्याच कुळात गणले जातात. घरोब्याच्या दयाळाचे भाऊबंद असे गर्द रानात दडून असतात हे कळल्यावर त्यांच्याविषयी थोडी आपुलकी वाढते, असा माझा अनुभव आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो, तो म्हणजे वस्ती. माझे घर सावंतवाडीच्या बाहेर, घाटाच्या पायथ्याला आहे. परसात बांबूचे एक जुने बेट आहे, त्यापलीकडे चिऱ्यांचा गडगा आणि मग काजूची बाग. त्या बेटात गेली कित्येक वर्षे टिकेलची एक जोडी राहते. नराचे गाणे म्हणजे पाच-सहा स्वरांची एक छोटी, धातूच्या नाजूक घुंगरांसारखी किणकिणती लकेर. ती वर जाते, खाली येते आणि थांबते, मग थोड्या वेळाने तीच पुन्हा. स्वयंपाकघरातून चहा उकळताना ती ऐकू येते. संध्याकाळी इतर पक्षी गप्प झाल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास बांबूच्या आडव्या फांदीवर तो ताठ बसलेला असतो, शेपूट झटकतो, झेप घेऊन डास किंवा लहानसा पतंग पकडतो आणि दुसऱ्याच फांदीवर जाऊन बसतो. गडग्यातल्या एका निसटलेल्या चिऱ्याच्या जागी जो खोबळा पडला होता, त्यात या जोडीने एकदा जून महिन्यात घरटे केले होते. माणसांची जा-ये, कुत्र्याचे भुंकणे, पंपाचा आवाज, यांतले काहीही त्या पक्ष्यांना अडचणीचे वाटले नाही. झाडांची सावली, थोडा ओलावा, झुडपे आणि किडे एवढे मिळाले की टिकेल संसार थाटतो. म्हणूनच तो कोकणापासून विदर्भापर्यंत, पानगळीच्या रानात, नदीकाठच्या झाडीत, बांबूच्या वनात आणि मोठ्या बागांतही आढळतो. भारताबाहेर श्रीलंकेतही त्याची वस्ती आहे.

पांढऱ्या पोटाचा माशीमार मला परसात कधीही दिसलेला नाही. त्याच्यासाठी घाट चढावा लागतो किंवा गोव्यात उतरून तांबडी सुर्ला आणि मोलेच्या बाजूला जावे लागते. आंबोलीला पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि त्या पावसावर पोसलेले अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे बुटके पण अतिशय दाट रान तिथे आहे. वरून पाहिले तर हिरवी गोधडी पसरल्यासारखे दिसते, आत शिरले की दुपारी बारा वाजता तिन्हीसांज. हा पक्षी त्या तिन्हीसांजेचा रहिवासी आहे. तो शेंड्यावर जात नाही, उघड्यावर येत नाही. जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर, कारवीच्या आणि वेलींच्या जाळ्यात निश्चल बसतो आणि पानांच्या खालच्या बाजूचे किंवा पाचोळ्यावरचे किडे टिपतो. पुष्कळदा तो एकटा दिसत नाही. लहान सातभाई आणि इतर पक्ष्यांचा मिश्र थवा झुडपे हलवीत जात असेल तर त्याच्या कडेकडेने हाही सरकत असतो, कारण थव्याने उठवलेले किडे आयते मिळतात. त्याचा आवाज इतका हलका की पंधरा-वीस पावलांवर असलेल्या माणसाला तो ऐकूच येत नाही. टिकेलसारखी ठरलेली लकेर नाही. किंचित चिरका, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा, लांबत जाणारा स्वर असतो. पहिल्यांदा तो मी ऐकला तेव्हा दोन फांद्या एकमेकींवर घासत आहेत असे वाटून मी पुढे निघून गेलो होतो.

दोन्ही पक्षी एकाच डोंगरावर असतात आणि त्यामुळेच दोघांतले अंतर फार स्पष्टपणे पाहायला मिळते. आंबोलीतल्या ज्या वाटेवर मी वर्षानुवर्षे जातो, तिथे डांबरी रस्त्याच्या कडेला, झाडीच्या तोंडाशी टिकेल गातो. वाट आत वळली, माथ्यावरची पाने एकमेकांत मिसळली आणि पायांखालचा पाचोळा ओला झाला की टिकेलची किणकिण मागे पडते. तिथून पुढे दुसऱ्याचे राज्य. रस्ता आणि हे राज्य यांच्यात पाचशे पावलांचेही अंतर नाही. कधी टिकेल त्या सीमेच्या आत शिरलेला दिसतो, हे मी नाकारत नाही; पण दुसरा बाहेर रस्त्यावर आलेला मला क्वचितच दिसला आहे. रानाचा माथा कुठे फाटला आहे हे वरून न पाहताही नुसत्या या दोन पक्ष्यांच्या बैठकीवरून सांगता येते.

पांढऱ्या पोटाचा माशीमार जगात फक्त पश्चिम घाटात आढळतो. त्याची खरी भरभराट कर्नाटक आणि केरळमधल्या घाटात आहे; आपल्याकडे त्याची वस्ती मुख्यतः गोवा आणि सिंधुदुर्ग या टोकाला आहे, म्हणजे महाराष्ट्र हा त्याच्या मुलखाचा उंबरठा आहे. उंबरठ्यावरच्या नोंदींना मोल अधिक असते, कारण मुलूख आक्रसू लागला तर तो आधी कडेने आक्रसतो. आज आंबोलीत घेतलेले नीट ओळखलेले एक छायाचित्र, तारीख आणि जागेसह, वीस वर्षांनी कुणाला तरी हा पक्षी इथे वीण करत होता असे सांगेल. त्याच छायाचित्राखाली ‘टिकेल’ लिहिले तर ते चित्र जपून ठेवूनही काही सांगणार नाही, कारण टिकेल काय, तो सगळीकडेच आहे.

हे नुसते तात्त्विक नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका प्रकल्पासाठी तयार केलेला पर्यावरणाचा अहवाल जनसुनावणीच्या निमित्ताने मी वाचला होता. त्यातल्या पक्ष्यांच्या यादीत कावळा, साळुंकी, बुलबुल आणि टिकेलचा माशीमार होता. पांढऱ्या पोटाचा नव्हता. ती जागा मी पाहिलेली होती. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना जुने, न तोडलेले रान होते आणि त्यात दोन वेळा मी या पक्ष्याचा नर स्वतः पाहिला होता. यादी करणाऱ्याने खोटे लिहिले असे माझे म्हणणे नाही. नारिंगी छातीची एक मादी त्याला दिसली असेल आणि हाताशी असलेल्या पुस्तकात सर्वात आधी टिकेल सापडला असेल. परिणाम मात्र असा झाला, की कागदावर ते रान कोणत्याही आमराईसारखे, बागेसारखे दिसू लागले. तिथे बागेत न राहू शकणारा आणि जगात इतरत्र नसलेला एक पक्षी राहतो हे त्या कागदावर कुठेच नव्हते. सुनावणीत मी हे मांडले तेव्हा, ‘माशीमार आहे की यादीत’, असे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्या गृहस्थांचा त्यात दोष नव्हता. त्यांच्या दृष्टीने माशीमार म्हणजे माशीमार.

आमच्या दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत गेल्या काही वर्षांत जुने रान मोडून रबर आणि अननसाची लागवड झाली आहे हे आपल्या वाचकांना नवे नाही. रबराची बाग लांबून हिरवीच दिसते आणि पर्यटकाला ती जंगलच वाटते. तिच्या कडेला टिकेल दिसेलही. पण बागेची मशागत करताना खालचा झुडपांचा थर साफ केला जातो, आणि ज्याचे सगळे आयुष्य जमिनीपासून दोन हातांच्या आत जाते त्या पक्ष्याला वरच्या हिरव्या छताचा काय उपयोग? हिरवे आहे म्हणजे रान आहे, असे मानणाऱ्या प्रत्येक माणसाला या दोन माशीमारांतला फरक मी मुद्दाम दाखवतो.

मी अतिशयोक्तीही करू इच्छित नाही. पांढऱ्या पोटाचा माशीमार नामशेष होण्याच्या मार्गावर आहे असे नाही. आंतरराष्ट्रीय यादीत हे दोन्ही पक्षी सर्वात कमी चिंतेच्या वर्गात आहेत आणि ते योग्यच आहे. दुर्मीळ म्हणून गाजावाजा करण्याची गरज नाही. तो कमी दिसतो याचे एक कारण त्याची संख्या, आणि दुसरे, कदाचित अधिक मोठे, कारण आपण. अंधारात, एका जागी, न बोलता अर्धा तास बसण्याची तयारी फार थोड्या लोकांची असते. टिकेलला कमी लेखण्याचाही माझा हेतू नाही. माणसाच्या शेजारी राहून ज्याने आपले गाणे टिकवले, त्या पक्ष्याला मी रोज संध्याकाळी मनोमन दाद देतो.

आता त्या हिरव्या किड्याविषयी. मादीने किडा पकडल्यावर तो लगेच न गिळता चोचीत धरून ठेवला असेल, तर जवळपास घरटे आणि त्यात पिल्ले असण्याचा संभव मोठा असतो. या पक्ष्याची घरटी झाडाच्या कुजलेल्या खोडाच्या किंवा दरडीच्या खोबळ्यात, शेवाळाची वाटी करून बांधलेली असतात आणि ती बहुधा माणसाच्या हाताला लागतील अशा उंचीवर असतात. आपल्या पुरवणीतल्या लेखात छायाचित्र कोणत्या वाटेवर, कोणत्या वळणावर आणि कोणत्या ओढ्यापाशी घेतले हे सगळे तपशीलवार दिले आहे. लेखकाचा हेतू चांगला असेल, पण आंबोलीला पावसाच्या तोंडावर किती कॅमेरे येतात हे आम्ही स्थानिक लोक पाहतो. मोबाइलवर त्या पक्ष्याचेच गाणे वाजवून नराला चिथवायचे, तो बाहेर आला की फ्लॅशचा लखलखाट करायचा, मग दुसऱ्या मंडळींनी तेच करायचे, असे दिवसभर चालते. घरट्यापासून दूर पळालेल्या जोडीच्या पिल्लांना तेवढा वेळ उपाशी राहावे लागते, आणि पावसाची पहिली मोठी सर त्याच वेळी आली तर भिजावेही लागते. पक्ष्याचे नाव अचूक छापावे आणि घरट्याचा पत्ता मात्र छापू नये, अशी माझी विनंती आहे.

दुरुस्ती छापायची झाल्यास ती अशी असावी: ‘पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमाराची मादी, आंबोली परिसर, मे’. याहून अधिक जागा लागणार नाही. वेबआवृत्तीतल्या चित्राखालीही तोच बदल करावा, कारण छापील अंक रद्दीत जातो, पण शोधणाऱ्याच्या हाती पुढे वर्षानुवर्षे वेबवरची ओळच लागते. छायाचित्रकाराकडे त्याच दिवशीची आणखी चित्रे असतील तर त्यांतल्या एखाद्यात शेपटी मागून उघडी दिसत असेल. ती त्यांनी पाहावी, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबण्याची त्यांना गरज पडणार नाही.

आपला,
एक जुना वाचक,
सावंतवाडी